जुन्या गेमचे रीमास्टर कलेक्शन घ्यावेत का? (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

अंबाजोगाईच्या एका मित्राचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "दादा, माझ्याकडं पीएस४ (प्लेस्टेशन ४) स्लिम आहे, पोरगं आठ वर्षांचं. कॉलेजात असताना पीएस२ वर जीटीए अन् मेटल गिअर लै खेळलो. आता स्टोअरवर सेल लागलाय, सगळ्या जुन्या गेमचे रीमास्टर कलेक्शन दिसायलेत, तीन-तीन पाच-पाच गेम एकात. ४,००० पर्यंत घालायची तयारी आहे. घेऊ का, का उगं आपल्या आठवणींचे पैसे उकळायलेत हे लोक? अन् मुस्तफा, कॉन्ट्रा हे कशात येतात का?"

लातूरला गंजगोलाईच्या मागं माझं दुकान आहे. आधी गेम पार्लर होतं, आता जास्त करून कन्सोल रिपेअर अन् जुन्या डिस्कची खरेदी-विक्री. हा प्रश्न सेल लागला की रोज कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

काही घे, काही सोड, सरसकट उत्तर नाही. पण ठरवताना "गेम चांगला आहे का" हे बघत बसू नको, चांगला होता म्हणूनच तर वीस वर्षांनी परत विकायलेत. बघायचं हे की मधलं काम (जुना गेम नव्या मशीनवर आणायचं, म्हणजेच रीमास्टर) कुणी केलं, मूळ गेमच्या कशाला हात लावला, अन् तोच गेम तुझ्या घरी दुसऱ्या कुठल्या मार्गानं आज चालतो का. गेमचे पैसे एकदा देऊन झालेत (आपल्याकडं ते पण कुणी दिले होते म्हणा, सगळ्यांच्या पीएस२ ला नकली डिस्क चालायची चिप मारलेली अन् डिस्क पन्नास-शंभरच्या), आता जे देणार ते त्या मधल्या कामाचे.

आधी तुझ्या जुन्या पीएस२ चं बोलू. लोक माळ्यावरचा पीएस२ काढतात, लाल-पांढरी-पिवळी पिन नव्या ४३ इंची एलईडीला लावतात अन् मला फोन करतात की चित्र फुटायलंय, मशीन गेलं का. मशीन ठीक असतं. पीएस२ त्या पिवळ्या वायरीतून जे चित्र पाठवतो ते एक ओळ सोडून एक असं अर्ध-अर्ध येतं, डब्बा टीव्हीला ते तसंच लागायचं. एलईडी आधी दोन अर्धे जोडतो, मग ते ताणून मोठं करतो, त्यात चित्र पण चिखल होतं अन् वेळ पण जातो. तू बटन दाबलं अन् माणूस जरा उशिरा उडी मारतो. ह्याच कारणानं जुन्या टीव्ही गेमची बंदूक एलईडीवर चालतच नाही, बदकं मारायचा तो गेम आठवतोय का? घोडा दाबला की क्षणभर स्क्रीन काळी होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा अन् बंदूक तो उजेड बघायची. एलईडीला तो उजेड द्यायला उशीर होतो, तोवर बंदुकीनं "नेम चुकला" म्हणून मोकळं केलेलं असतं. गावाकडं कुणाच्या घरी डब्बा टीव्ही चालू हालतीत पडून असेल तर भंगारवाल्याच्या आधी उचल, पीएस२ अन् तो टीव्ही हेच सगळ्यात भारी कलेक्शन आहे, फुकटात. पण लेन्स गेली असेल, टीव्ही मिळत नसेल, मेमरी कार्डावरचं सगळं उडालं असेल (अन् बहुतेकांचं तसंच असतंय) तर मग पुढचं वाच.

कलेक्शन म्हणून जे विकतात त्यात तीन वेगवेगळे माल एकाच नावाखाली असतात. एकात जुना गेम आहे तसाच एम्युलेटरमधे (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) घालून वर मेनू, सेव्हची सोय अन् थोडं आर्ट दिलेलं असतं. दुसऱ्यात मूळ कोड घेऊन तो नव्या मशीनवर आणलेला, रिझोल्यूशन अन् फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) वाढवलेला. तिसऱ्यात गेम पहिल्यापासून परत बांधलेला, म्हणजे नाव रीमास्टर पण खरं तर रीमेक. पहिल्याला कष्ट कमी अन् बिघडायची शक्यता पण कमी, तिसऱ्याला दोन्ही जास्त. डब्यावर हे कुणी लिहीत नाही, तिथं फक्त किती गेम एवढंच मोठ्या अक्षरात असतं.

आता जीटीए, कारण खरं तर सगळ्यांना तेवढंच विचारायचं असतं. थ्री, व्हाइस सिटी अन् सॅन अँड्रियास हे तिन्ही मिळून "द ट्रिलॉजी, डेफिनिटिव्ह एडिशन" नोव्हेंबर २०२१ ला आलं, ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स नावाच्या स्टुडिओनं अनरियल इंजिन ४ वर केलेलं. अन् काय हसं झालं त्याचं! पाऊस म्हणजे स्क्रीनवर पांढऱ्या रेघा ओढल्यासारखा, पुढचं दिसेना. दुकानांच्या पाट्या मशीनकडून मोठ्या करून घेतल्या तर स्पेलिंग चुकलेल्या निघाल्या. एका डोनटच्या दुकानावर मोठा नट होता, नट-बोल्टातला सहा कोपऱ्याचा नट, कारण दुकानाच्या नावातच तो विनोद होता, तो ह्यांनी घासून गोल करून टाकला. आठ-दहा दिवसांत रॉकस्टारला, म्हणजे जीटीएच्या मूळ कंपनीला, माफी मागावी लागली. वर त्यांनी लाँचच्या आधीच जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढून घेतलेले, पीएस४ वर पीएस२ चेच मूळ गेम मिळायचे ते पण गेले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्या लायब्ररीत राहिले, बाकीच्यांना नवं घ्या नाहीतर गप बसा.

पण ह्यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली ती पाऊस नाही, धुकं. सॅन अँड्रियासमधे लांबचं सगळं धुरकट, पिवळसर दिसायचं आठवतंय ना? पीएस२ मधे मेन मेमरी ३२ एमबी, आजकाल मोबाईलमधला एक फोटो पण कधीकधी त्याच्या पाव हिश्श्याचा असतो. तेवढ्यात तीन शहरं, वाळवंट, डोंगर बसवायचं तर लांबचं दाखवणं शक्यच नव्हतं, म्हणून धुकं टाकलं. पण त्या धुक्यामुळंच नकाशा अफाट वाटायचा, एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना खरंच लांब चाललोय असं वाटायचं, लातूरहून रात्री संभाजीनगरला निघाल्यासारखं. रीमास्टरवाल्यांनी धुकं पुसून टाकलं, मशीन दमदार आहे तर कशाला लपवायचं म्हणून. मग माउंट चिलियाडवर चढून बघितलं की सगळा राज्याचा नकाशा एका नजरेत, ही शहरं इकडं अन् ती तिकडं, मधे हाकेचं अंतर. गेम तोच, नकाशा तेवढाच, अन् तरी लहान झाला. मूळवाल्यांनी अडचणीतून जे केलं होतं ते नंतर गेमचा भाग झालेलं, हे ओळखायला तो गेम खेळलेला माणूस लागतो.

नोव्हेंबर २०२४ ला मोठा अपडेट आला त्यात जुन्यासारखं लाइटिंग अन् आकाश परत निवडायची सोय दिली, बाकी पण बरंच दुरुस्त केलं. आज जो गेम डाउनलोड होतो तो २०२१ वाला नाही. म्हणून माझं मत: आता घेण्यासारखा झालाय, पण पूर्ण किंमत देऊन नाही, अर्ध्याच्या बऱ्याच खाली आला तरच. अन् सेटिंगमधे जाऊन क्लासिक लाइटिंग आधी चालू कर. कंट्रोल मात्र खरंच सुधारलेत, नेम धरणं अन् गाडीतून हत्यार बदलणं मूळपेक्षा कितीतरी सोपं, मिशन फेल झालं की लगेच परत सुरू करता येतं, रेल्वेच्या मागं गाडी पळवायचं ते मिशन ज्यानं रडत केलंय त्याला ह्याची किंमत कळेल. व्हाइस सिटीच्या रेडिओवर मायकल जॅक्सनची गाणी नाहीत. लायसन्सची मुदत संपली की गाणी जातात, हे जवळजवळ प्रत्येक जुन्या गेमला होतंय.

डिस्कवर घेणार असशील तर पॅच (नेटवरून येणारी दुरुस्ती) टाकल्याशिवाय खेळूच नको, डिस्कवर जुनाच माल असणार.

धुक्यावरून आठवलं, सायलेंट हिल एचडी कलेक्शन २०१२ चं. तिथं पण हेच झालं पण कारण वेगळं. कोनामीनं, म्हणजे मूळ कंपनीनं, काम करणाऱ्यांना जो सोर्स कोड दिला तो शेवटचा नव्हताच, फायनल कोड जपून ठेवलेलाच नाही. म्हणजे मूळ टीमनं जे बग काढले होते ते ह्यांना परत सापडले अन् परत काढावे लागले. ज्या गेमचा जीवच धुकं आहे त्यात धुकं अर्धवट, नावेतून जाताना तळ्याचं पाणी कुठं संपतं ते दिसायचं. एक्सबॉक्स ३६० चा पॅच तर मधेच रद्द केला. मास इफेक्टच्या लेजंडरी एडिशनमधे पण एक डीएलसी (वेगळा विकलेला जादा भाग) नाही, पिनॅकल स्टेशन, त्याचा कोड खराब झालेला निघाला. लोकांना वाटतं मोठ्या कंपनीकडं सगळं कपाटात लावून ठेवलेलं असेल. तसं नसतंय. आपल्या तहसीलमधे जुना फेरफार काढायला गेल्यावर जे होतं तेच.

मेटल गिअर सॉलिड मास्टर कलेक्शन व्हॉल्यूम १ (ऑक्टोबर २०२३) बद्दल तू विचारलंस. ह्यात पीएस१ चा पहिला सॉलिड एम्युलेटरमधे आहे, अन् दुसरा-तिसरा भाग २०११ च्या पीएस३ वाल्या एचडी कलेक्शनवरून आणलेत. म्हणजे नवं काम फार नाही. पण गंमत अशी की ते २०११ चं काम ब्लूपॉइंट नावाच्या स्टुडिओनं केलेलं, अन् ते काम पक्कं होतं, म्हणून आजही खेळायला मजा येते. एक गोष्ट मात्र तुझ्या हाताला जाणवणार. पीएस२ च्या रिमोटची बटनं दाब ओळखायची, हलकं दाबलं, जोरात दाबलं ह्यातला फरक गेमला कळायचा. दोन अन् तीनमधे बंदूक रोखली अन् गोळी न झाडता खाली घ्यायची तर बटन हळूहळू सोडायचं. पीएस४ च्या रिमोटला ते नाहीच, म्हणून त्यासाठी वेगळी तडजोड केलीय. बोटांना जुनी सवय असेल तर पहिले दोन-चार गार्ड उगाच मरणार. पहिल्यांदा खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही. तुला कथेसाठी परत खेळायचंय तर घे, सेलमधे.

आता जे डोळे झाकून घे म्हणतो ते. अनचार्टेड, नेथन ड्रेक कलेक्शन, २०१५, हे पण ब्लूपॉइंटचंच. पीएस३ वर ३० फ्रेमला चालणारे तीन गेम ६० फ्रेमला, १०८०पी, अन् तिन्ही एकाच डिस्कवर. मल्टिप्लेअर काढलाय, कोण बघतोय. पीएस४ मधे काय अन् पीएस५ मधे काय, पीएस३ ची डिस्क चालतच नाही, त्या मशीनचा "सेल" नावाचा प्रोसेसर इतका विचित्र होता की त्याची नक्कल करणं महागात पडतं, त्यामुळं हे गेम खेळायचे तर हाच सरळ मार्ग. जुनी डिस्क बाजारात स्वस्तात फिरत असते. मास इफेक्ट लेजंडरी एडिशन (मे २०२१) पण तसंच, तीन गेम अन् ४० हून जास्त डीएलसी, ते सुटे सुटे घेतले असते तर खिसा फाटला असता, अन् पहिल्या भागातली ती बोजड फायटिंग अन् लिफ्टमधे उभं राहायचं दुखणं कमी केलंय. वाचायला भरपूर आहे, इंग्लिश डायलॉगचा कंटाळा असेल तर सोड. टूम रेडर १ ते ३ (फेब्रुवारी २०२४) मला फार आवडलं, मूळ कोड खालीच ठेवलाय अन् वरून नवीन ग्राफिक्स, एक बटन दाबलं की खेळता खेळता जुनं-नवं पलटतं. त्याचं तांत्रिक काम सांभाळणारा माणूस आधी हौसेनं स्वतःच जुना टूम रेडर नव्या मशीनवर आणत बसलेला चाहता होता, अन् ते दिसतं कामात. एक्सबॉक्सवाल्यांचं हेलो मास्टर चीफ कलेक्शन २०१४ ला आलं तेव्हा ऑनलाइन मॅचच लागत नव्हत्या, काही वर्षांनी बसून नीट केलं, आज त्याच्याइतकं भरलेलं कलेक्शन दुसरं नाही. एक्सबॉक्सवर अजून एक, सिरीज एक्समधे (नवा एक्सबॉक्स) ३६० च्या पुष्कळ डिस्क चालतात, ज्याच्याकडं त्या आहेत त्यानं रीमास्टरवर पैसे घालायच्या आधी डिस्क घालून बघावी.

पोराचं म्हणशील तर क्रॅश बँडिकूटची एन सेन ट्रिलॉजी (२०१७) अन् स्पायरो रीइग्नायटेड (२०१८). दोन्ही पहिल्यापासून बांधलेले, दिसायला आजच्या कार्टूनसारखे. आठ वर्षांच्या पोराला मी आधी स्पायरो देईन. क्रॅशचा पहिला भाग मोठ्यांना घाम फोडतो, अन् रीमेकमधे तो अजून अवघड झालाय, कारण क्रॅशच्या पायाखालचा न दिसणारा आकार कॅप्सूलसारखा गोल केलाय, कडेवर पाय पडला की मूळ गेममधे टिकायचा तिथं आता घसरतो. पोरगं रडणार अन् रिमोट आपटणार, रिमोटचा ॲनालॉग बदलायला मग माझ्याकडंच येणार, माझं काही नुकसान नाही. सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या भागापासून करू दे. स्पायरो डिस्कवर घेतलास तर डिस्कवर पहिलाच गेम पूर्ण होता, बाकी दोन नेटवरून उतरवावे लागतात, म्हणजे डिस्क घेऊन नेट वाचलं असं नाही.

मुस्तफा! मराठवाड्यात बसस्टँडजवळच्या पार्लरमधे रुपयाचं नाणं टाकून हा गेम न खेळलेला आपल्या वयाचा माणूस मला दाखव. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा १९९३ चा, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा म्हणून सगळा गेमच मुस्तफा झाला. तर तो कुठल्याच कलेक्शनमधे नाही. कॅपकॉमनं २०१८ ला बीट एम अप बंडल काढलं, सात गेम, फायनल फाइट, कॅप्टन कमांडो, नाइट्स ऑफ द राउंड, वॉरियर्स ऑफ फेट सगळे आहेत, मुस्तफा नाही. कारण ती कथा अन् पात्रं कॅपकॉमची नाहीतच, ते एका अमेरिकन कॉमिकवरून घेतलेले, नावात गाडीची कंपनी पण आली. एवढ्या सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार. म्हणून "मुस्तफा एचडी" म्हणून मोबाईलवर जे काय फिरतंय ते अधिकृत नाही, पैसे मागितले तर देऊ नको. बाकी सात गेमचं बंडल मात्र पोरासोबत रविवारी बसून खेळायला एक नंबर, दोन रिमोट पाहिजेत.

कॉन्ट्राचं काम सोपं, कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन, २०१९, पीएस४ वर आहे. आर्केडचा पण अन् आपला कॅसेटवाला पण. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए करून तीस लाइफ घेता येतात, अन् कुठंही सेव्ह होतं, जे सामुराईच्या जुन्या कॅसेटवाल्या डब्यावर स्वप्नात पण नव्हतं, लाइट गेली की पहिल्यापासून. एम्युलेटरवाला माल आहे, स्वस्त असतो, अन् असाच असला पाहिजे. अशा कलेक्शनमधे एकच गोष्ट तपासायची, गेमची आवृत्ती कोणती. आपल्याकडं अन् युरोपात पाल टीव्ही, म्हणजे ५० हर्ट्झ, अमेरिका-जपानात ६०. पाल आवृत्त्या बऱ्याचदा सहाव्या हिश्श्यानं हळू चालायच्या. सोनीनं २०१८ ला छोटा प्लेस्टेशन क्लासिक काढला त्यात २० पैकी ९ गेम पालवाले घातले अन् लोकांनी धुऊन काढलं.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी दोनच ओळी. एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन (२०१९) बिनधास्त घ्या, सायबर कॅफेत खेळलेलाच गेम आहे अन् अजून जिवंत आहे, २०२२ ला त्यात द्रविड, बंगाली, गुर्जर हे पण आले (ते वेगळे पैसे). वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्ड २०२० ला आला तेव्हा ज्यांच्याकडं जुना होता त्यांचा पण बिघडवून ठेवला, वाटेला जाऊ नका.

घ्यायच्या वेळचं. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) १४ दिवसांच्या आत अन् दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून पहिल्याच दिवशी बसून बघायचं. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की तो मार्ग बंद, म्हणून तिथं आधी यूट्यूबवर तुझ्याच मशीनचा, म्हणजे साध्या पीएस४ चा, व्हिडिओ बघ, पीएस५ चा नाही, अन् अलीकडचा बघ, लाँचच्या दिवशीचा नाही. डिस्कला फायदा हा की खेळून झालं की विकता येते. आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही तर सेव्ह होत असताना मशीन बंद पडू नये म्हणून छोटा यूपीएस असू दे, सेव्ह खराब झालेले अन् हार्डडिस्क गेलेले पीएस४ उन्हाळ्यात अन् पहिल्या पावसात रांगेनं येतात माझ्याकडं. अन् टीव्हीत गेम मोड चालू कर, लोक "रीमास्टरमधे कंट्रोल जड झालेत" म्हणतात अन् निम्म्या वेळा दोष टीव्हीच्या पिक्चर सेटिंगचा निघतो.

तुझ्या ४,००० मधे मी काय घेईन? अनचार्टेडची जुनी डिस्क, पोराला स्पायरो, कॉन्ट्रा डिजिटल सेलमधून, अन् उरले तर मेटल गिअर किंवा जीटीए ह्यातलं जे जास्त उतरलं असेल ते एक. दोन्ही एकदम घेऊ नको, कामावरून घरी आल्यावर तुला रात्रीचा एक तास मिळणार, त्यात सॅन अँड्रियासच दिवाळीपर्यंत पुरतो. डिस्क घ्यायला लातूरला येणार असशील तर सोमवार सोडून ये, अन् कव्हर उलटं करून मागच्या बारीक अक्षरात "डाउनलोड आवश्यक" असं काही लिहिलंय का ते माझ्यासमोरच बघून घे.